शब्दांची कुळकथा : लोंव

गेल्या महिन्यात या सदरातून आम्ही वाचकांस चुलीपाशी बसविले होते. या महिन्यात गोठ्यात नेण्याचा विचार आहे. श्रावणात अणशीच्या घाटात पावसाने ठाण मांडले, म्हणजे माणसे आणि जनावरे एकमेकांच्या उबेने दिवस काढतात. अशा दिवसांत गोठ्यासारखी शब्दांची शाळा दुसरी नाही. आम्ही मात्र ही शाळा फार उशिरा पाहिली. ती पाहावयास लावणारा प्रसंग आमच्या चुकीचा आहे, आणि तो सांगितल्यावाचून आजच्या शब्दाची कुळकथा पुरी व्हावयाची नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा पाचवीच्या वर्गास मराठी शिकवीत होतो. ‘माझा आवडता प्राणी’ हा नेहमीचाच निबंध दिला होता. बहुतेकांनी गाय लिहिली. कारण गाय पुस्तकात होती. एका मुलाने मात्र घरच्या पारडावर लिहिले. त्यात एक वाक्य असे होते, की आमच्या पारडाच्या अंगावर काळी काळी लोंव आहे आणि ती पावसात भिजली की अंगाला चिकटून बसते. आम्ही ‘लोंव’ या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली आणि वर ‘केस’ असे लिहिले. वही परत मिळाल्यावर तो मुलगा टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “गुरुजी, केंस माणसाक. जनावराक लोंव.” आम्ही त्यास सांगितले, की घरी काहीही म्हणा, शाळेत पुस्तकातले लिहावे. तो निमूटपणे जागेवर गेला.

वाचकहो, त्या दिवशी त्या वर्गात भाषाशास्त्राचा खरा विद्यार्थी एकच होता, आणि तो टेबलाच्या अलीकडे बसलेला नव्हता.

हे आम्हांस कसे उमगले ते सांगतो. एम. ए. च्या अभ्यासात झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथ आम्हांस होता. मूळ ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. संस्कृतातील दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘म’ प्राकृतातून मराठीत उतरताना सानुनासिक ‘व’ होतो, हा नियम आम्ही परीक्षेपुरता घोकला होता. ग्राम या शब्दाचा गांव झाला, नाम याचे नांव झाले, आमलकाचा आंवळा झाला, कुमाराचा कुंवर झाला. जामात जावई होऊन घरात आला आणि भूमी भुई होऊन पायांखाली आली. ही सगळी उदाहरणे आम्ही उत्तरपत्रिकेत लिहिली आणि गुणही मिळविले. पुढे कधीतरी या सदरासाठी टिपणे काढीत असता लेखणी ‘लोम’ या शब्दाशी अडली. नियमाप्रमाणे लोम या शब्दाचे काय व्हावे? लोंव! आम्ही लेखणी खाली ठेवली. ती तांबडी रेघ डोळ्यांपुढे उभी राहिली.

पुस्तकी मराठीत हाच शब्द ‘लव’ या रूपात उरला आहे. ओकार झिजला, अनुनासिक गळून गेले. देशावर हे अनुनासिक बोलण्यातून केव्हाच गेले होते. लेखनात ते अनुस्वाराच्या टिंबाने राहिले होते. १९६२ साली मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. ते योग्यच झाले. जे तोंडात नाही ते लेखणीत कशाला? परंतु गोव्यात, कोकणपट्टीत आणि आमच्या या घाटमाथ्यावर ते टिंब अजून नाकात जिवंत आहे. म्हणजे पाचवीतल्या त्या मुलाने लिहिलेले रूप अशुद्ध नव्हतेच. ते मूळ शब्दाशी आमच्या पुस्तकापेक्षा एक पायरी जवळ होते. आजोबांना ओळखणाऱ्या नातवास आम्ही ‘हे तुझे कोण लागतात’ म्हणून दटावले होते.

आता त्याच्या दुसऱ्या म्हणण्याकडे वळू. केस माणसाला, लोंव जनावराला. हा भेदही त्याने मनाने काढलेला नव्हता. संस्कृतात केश म्हणजे मुख्यतः डोक्यावरचे, श्मश्रू म्हणजे दाढीमिशांचे आणि लोम म्हणजे अंगावरचे. धर्मशास्त्रात क्षौराचा विधी सांगताना केश, श्मश्रू, लोम आणि नख अशी चौघांची वेगवेगळी मोजदाद होते. दाढी करण्यास आपण आजही श्मश्रू करणे म्हणतो, ती याच मोजदादीची आठवण. जनावराचे सर्वांगच लोमांनी झाकलेले, म्हणून लोम हा शब्द त्याच्याकडे अधिक गेला. माणसाच्या वाट्याला उरली ती हातावरची बारीक लव आणि मिसरूड फुटण्यापूर्वीची ओठावरची कोवळी लव. पुढे अर्थ आणखी पसरला. मखमलीस लव आली, भेंडीच्या अंगावर लव आली, कोवळ्या पानाच्या पाठीवर लव आली. स्पर्शास जे जे मऊ आणि बारीक, त्यास हा शब्द जाऊन चिकटला.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. ‘लवभर’, ‘लवमात्र’ यांतील लव या घराण्यातील नव्हे. तो संस्कृत ‘लू’ म्हणजे कापणे या धातूपासून आलेला. त्याचा अर्थ कापलेला तुकडा, कण, क्षण. डोळ्याचे पाते लवते किंवा फांदी लवते, त्यातील लवणे हे ‘नम्’ धातूचे लेकरू. तेथेही ‘म’चा ‘व’ झालेला आहे. दिसण्यात सारखे म्हणून एका पंगतीस बसवू नये. शब्दांच्या सोयरिकी जुळविताना नुसता चेहरा पाहून भागत नाही, गोत्र विचारावे लागते.

लोम या शब्दास एक जुळा भाऊ आहे : रोम. दोघेही वेदकाळापासून एकत्र नांदतात. ‘र’ आणि ‘ल’ यांत भेद नाही असे जुने पंडित म्हणत, त्याचे हे ठळक उदाहरण. हिंदीने रोमापासून रोआँ केला. आपण रोम तसाच ठेवला आणि रोमारोमांत, रोमहर्षक, रोमांच अशा भारदस्त ठिकाणी त्यास नेऊन बसविले. महाभारताची कथा सांगणारा जो सौती उग्रश्रवा, त्याच्या पित्याचे नाव लोमहर्षण. ज्याची कथा ऐकून श्रोत्यांच्या अंगावरील लोम उभे राहत, तो लोमहर्षण, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. वनपर्वात पांडवांस तीर्थांचे माहात्म्य ऐकविणारा ऋषी लोमश, म्हणजे केसाळ. जंगलात हिंडणाऱ्या ऋषीस हे नाव शोभूनच दिसते.

रोमांच हा भरतमुनींच्या आठ सात्त्विक भावांपैकी एक. नाट्यशास्त्रात त्यास मोठा मान आहे. पण त्याचे मूळ पाहू गेल्यास ते पुन्हा गोठ्यातच सापडते. प्रत्येक लोमाच्या मुळाशी एक अगदी लहानसा स्नायू असतो. थंडी वाजली अथवा भय वाटले, की तो आकसतो आणि लोम ताठ उभा राहतो. जनावराच्या अंगावर दाट लोंव असल्याने उभ्या केसांच्या मध्ये हवा कोंडली जाते आणि ऊब टिकते. मांजरासमोर कुत्रे आले तर तेच मांजर फुगून दुप्पट दिसू लागते. माणसाच्या अंगावरची लोंव विरळ झाली, ऊब धरण्याचे काम पांघरुणाने घेतले, तरी तो स्नायू आपले जुने काम विसरला नाही. आता तो थंडीबरोबरच कीर्तनातही उठतो. भक्ताच्या अंगावरील रोमांच आणि भिजलेल्या पारडाच्या अंगावरील शहारा, या दोहोंची यंत्रणा एकच आहे. याने भक्तीस उणेपणा येतो असे आम्हांस वाटत नाही.

यासच आपण ‘अंगावर काटा येणे’ म्हणतो. संस्कृतातही रोमांचित झालेल्यास ‘कंटकित’ म्हणत. आणि हा अलंकार एका प्राण्याच्या बाबतीत अक्षरशः खरा आहे. तो म्हणजे साळिंदर. साळिंदराचे काटे हे मुळात केसच. जाड, पोकळ आणि टणक झालेले. संकट आले की तेही तसेच उभे राहतात. रानात पडलेली ती काळी-पांढरी पिसे आमचे विद्यार्थी पूर्वी दौतीत बुडवून लिहावयास आणीत. केसांचीच ती लेखणी, हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हते आणि आम्हांसही नव्हते.

या लोम शब्दाने आपल्या विचारांतही कसा शिरकाव केला आहे, ते पाहण्यासारखे आहे. पारडाच्या पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवावा. हात सुळकन जातो, कारण लोंव त्याच दिशेस झुकलेली असते. पावसाचे पाणीही तिच्यावरून तसेच ओघळते. ही गती अनुलोम, म्हणजे लोमांच्या कलाने जाणारी. तोच हात उलट फिरवावा. लोंव विस्कटते, पारडू अंग थरथरविते. ही गती प्रतिलोम, अथवा विलोम. प्राणायाम करणारी मंडळी रोज सकाळी अनुलोम-विलोम करतात. त्यांच्या नाकपुडीपर्यंत हा शब्द जनावराच्या पाठीवरून आलेला आहे. स्मृतिकारांनीही तो उचलला आणि वरच्या वर्णाचा वर असेल तर विवाह अनुलोम, वरच्या वर्णाची वधू असेल तर प्रतिलोम, अशी वर्गवारी केली. पारडास उलट हात लागला तर ते क्षणभर शहारते आणि पुन्हा चरू लागते. माणसांवर लावलेला तोच शब्द पिढ्यान्‌पिढ्या उतरला नाही. शब्द निरपराध असतात. त्यांस कामास जुंपणारे नेहमीच निरपराध असतात असे नाही.

लोंव झाली, आता मेंढीच्या लोकरीचे पाहू. लोकरीस जुना संस्कृत शब्द ऊर्णा. हिचे गोत फार दूरवर पसरलेले आहे. लॅटिनमध्ये ती लाना, इंग्रजीत वूल, आणि भाषापंडितांनी या सर्वांचे मूळ एकच ठरविलेले आहे. पोटातून धागा काढतो म्हणून कोळी हा जीव ऊर्णनाभ झाला. हिंदीत ऊर्णा या शब्दाची ऊन झाली. आमच्या शेजारच्या कानडीतही प्राकृत उण्णा आली आणि लोकरीस उण्णे म्हणू लागले. मराठीत मात्र ‘ऊन’ ही जागा ‘उष्ण’ या शब्दाच्या वंशजाने आधीच बळकावलेली होती. त्यामुळे हिंदी भाषक थंडीत ऊन पांघरतो आणि मराठी माणूस थंडीत उन्हात बसतो. दोघांचेही काम भागते. कंबल हा शब्द अथर्ववेदाइतका जुना. त्याचे मराठीत कांबळे, कानडीत कंबळी. आमच्या भागात मेंढ्या नाहीत. येथील गवळी धनगर म्हशी राखतात. तरीही भर पावसात कांबळ्याची खोळ डोक्यावरून घेऊन निघालेला माणूस येथे पूर्वी सर्रास दिसे. जाड लोकरीतून पाणी लवकर आत झिरपत नाही आणि भिजली तरी ती ऊब सोडत नाही, हे त्यास कोणी शिकविलेले नव्हते.

जनावरांच्या केसांची आणखीही नावे आहेत. घोड्याच्या व सिंहाच्या मानेवर आयाळ. हा शब्द फारसीतून आला. त्यासच संस्कृतात केसर म्हणतात, म्हणून सिंह केसरी. लोकमान्यांचे पत्र १८८१ साली याच नावाने निघाले, ते आयाळवाल्याचेच नाव. देवावर ढाळतात ती चवरी म्हणजे हिमालयातील याक ऊर्फ चमर या जनावराच्या शेपटीचे केस. चमर या शब्दाची चवरी होताना पुन्हा तोच आमचा ‘म’चा ‘व’. देवास पशूचा केस चालतो, आणि तोही शेपटीचा, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

आता अलीकडे बाजारातून आलेला एक शब्द पाहू : फर. थंड देशांत जनावराच्या मऊ दाट केसाळ कातड्यास फर म्हणतात. आपल्याकडे टोप्यांतून, पाकिटांतून, खेळण्यांतील अस्वलांतून तो शब्द घरोघरी आला आहे. त्याची कुळकथा विचार करावयास लावणारी आहे. इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि तेथे त्याचा अर्थ होता आवरण घालणे, अस्तर लावणे. अंगरख्यास आतून जे केसाळ कातडे शिवीत, त्या अस्तराचे ते नाव. पुढे ते नाव अस्तरावरून जिवंत जनावराच्या अंगावर गेले. म्हणजे तो शब्द निघाला शिंप्याच्या दुकानातून आणि पोहोचला रानात. आपला लोम निघाला जनावराच्या अंगावरून आणि पोहोचला मखमलीवर. एका वाटेने जाताना आधी जनावर दिसते, दुसऱ्या वाटेने जाताना आधी कोट दिसतो. आमची भाषा अधिक दयाळू आहे असा टेंभा आम्ही मिरवीत नाही. कारण शाळेतल्याच एका वस्तूने आमचा तो अभिमान उतरविला.

ती वस्तू म्हणजे चित्रकलेचा कुंचला. शब्द सुंदर आहे. संस्कृत कूर्च म्हणजे गवताची जुडी, दाढी. त्यापासून कुंचा आणि कुंचला. पण चांगले मऊ कुंचले म्हणून जे अनेक वर्षे विकले गेले, त्यांत मुंगसाचे केस असत. त्यासाठी मुंगसे मारली जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसास संरक्षण दिलेले आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. तरी चोरटा व्यापार चालतो आणि ठिकठिकाणी असे कुंचले पकडले जातात. आमच्या गावाभोवतालचे रान १९८७ साली राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ साली दांडेलीसह व्याघ्रप्रकल्प झाले आणि २०१५ साली त्यास काळी नदीचे नाव मिळाले. अशा गावातील शाळेच्या कपाटात मुंगसाच्या केसांचे कुंचले असू नयेत, एवढे आम्हांस कळले. आम्ही कृत्रिम केसांचे कुंचले आणविले. रंग थोडे जाड लागतात. मुलांची तक्रार नाही.

आता पुन्हा त्या तांबड्या रेघेकडे. एका शब्दाने एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. आमच्या शाळेतील मूल घरी कोकणी बोलते, वर्गात मराठी वाचते, बाजारात आणि कचेरीत कानडी ऐकते. १८६२ ते १९५६ हा जिल्हा मुंबई इलाख्यात, पुढे मुंबई राज्यात होता; त्याआधी मद्रासकडे, नंतर म्हैसूरकडे. कचेरीची भाषा बदलत गेली, गोठ्याची भाषा बदलली नाही. अशा मुलास पहिल्याच वर्षी कळून चुकते, की आपल्या घरात जे बोलतात ते कोणत्याच वहीत चालत नाही. मग ते घरचे शब्द गिळू लागते. शब्द गिळले की त्यांबरोबर भेदही जातो. लोंव गेली की केस आणि लोंव यांतील फरक पाहणारी नजरही जाते. आणि आम्ही शिक्षक वर म्हणतो, की मुलांजवळ शब्दसंपत्ती नाही! जी होती ती आम्हीच तांबड्या शाईने जप्त केलेली असते.

याचा अर्थ प्रमाण भाषा शिकवू नये असा नव्हे. ती शिकविली नाही तर मूल आपल्या गोठ्यातच राहील, आणि तोही अन्यायच. मात्र शिकविताना एकाच्या डोक्यावर दुसऱ्यास उभे करण्याचे कारण नाही. आता आम्ही वर्गात फळ्याचे दोन भाग करतो. एका बाजूस पुस्तकातला शब्द, दुसऱ्या बाजूस घरचा. ‘लव’ आणि ‘लोंव’ समोरासमोर लिहिले, मध्ये ‘लोम’ लिहिला, की मुलांस नियम सांगावा लागत नाही. तीच ‘गांव’, ‘नांव’ म्हणत पुढची उदाहरणे देऊ लागतात. गेल्या पावसाळ्यात एका मुलीने विचारले, की काळ्या बिबळ्याची लोंव निराळी असते काय? आम्ही सांगितले, की लोंव तीच, रंग तेवढा गडद. उन्हात नीट पाहिले तर त्या काळ्यातही ठिपके दिसतात. ती म्हणाली, “पाहिले आहेत.” अणशीच्या मुलांस आपण काय शिकविणार!

तो पारडावर लिहिणारा मुलगा आज पंचविशीच्या घरात आहे. मध्यंतरी काही दाखल्यासाठी तो शाळेत आला होता. आम्ही त्यास बसवून घेतले, निबंधाची ती गोष्ट सांगितली आणि तुझा शब्द बरोबर होता, आमची रेघ चूक होती, असे स्पष्ट म्हटले. तो संकोचून हसला. त्यास निबंध आठवत नव्हता, तांबडी रेघ आठवत नव्हती. पारडू मात्र आठवत होते. ते पुढे चांगली दुभती म्हैस झाले आणि तिच्या नाती आज गोठ्यात आहेत, असे त्याने सांगितले. आम्ही विचारले, नव्या पारडांच्या अंगावर काय असते रे? तो जरा थांबला आणि आमच्याकडे पाहून म्हणाला, “केस, गुरुजी.”

आम्ही त्यास दाखला दिला. आमच्यापाशी देण्यासारखे दुसरे काही नव्हते.

वाचकांस एक विनंती आहे. आपल्या घरात, विशेषतः वृद्ध मंडळींच्या तोंडी, जनावरांच्या अंगावरील केसांस, त्यांच्या रंगांस, भोवऱ्यांस जे शब्द असतील, ते जसे बोलले जातात तसेच लिहून या सदराकडे पाठवावेत. अनुस्वार नाकात असेल तर तो कागदावर घालण्यास संकोच करू नये. आम्ही ते सर्व वाचू. तांबडी शाई वापरणार नाही.